सुमेधाताईंनी न घेतलेलं नाव

नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळात तुम्ही कधी पाहुणे म्हणून आला असाल, तर सुमेधाताई शेवडे तुम्हाला सगळ्यात शेवटी दिसल्या असतील. गणपती असो, दिवाळी असो, नाहीतर पुण्याहून आलेल्या एखाद्या गवयाची मैफल असो. कार्यक्रम आटोपला की एक ठेंगणीशी बाई रेशमी साडीवर लोकरी कार्डिगन चढवून स्टेजवर येते, माइक आपल्या उंचीला खाली ओढून घेते आणि आभार मानते. हातात कागद नसतो. इतर ठिकाणी आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक खुर्चीखाली हात घालून कोट आणि छत्र्या शोधायला लागतात. इथे मात्र सगळे बसून राहतात, कारण आपलं नाव येणार हे प्रत्येकाला ठाऊक असतं. बटाटे सोलणारीचं येतं, खुर्च्या मांडणाऱ्याचं येतं, कारपार्कात पिवळं जाकीट घालून कुडकुडत उभ्या राहिलेल्याचंही येतं.

एका वर्षी बर्फ फार पडला होता. हॉलचा केअरटेकर, हॉजकिन्सन नावाचा गोरा म्हातारा, पहाटेपासून पायऱ्यांवर मीठ टाकत होता. संध्याकाळी ताईंच्या अस्खलित मराठी वाक्यात मधेच ‘मिस्टर हॉजकिन्सन’ आलं. मागे दाराशी उभा असलेला तो गृहस्थ दचकला, त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि कमरेत वाकून अख्ख्या हॉलला नमस्कार केला. त्या दिवसापासून ताईंचं आभारप्रदर्शन हा मंडळाचा ठरलेला कार्यक्रम झाला.

ताई लग्न होऊन इथे आल्या त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. नवरा शशिधर इथल्या इस्पितळात भूलतज्ज्ञ, आणि ताई त्याच इस्पितळाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. शशिधर माणसांना झोपवतात आणि सुमेधाताई कार्यक्रमात झोपलेल्यांना उठवतात, हा मंडळातला जुना विनोद. लॅबचं काम असं की बरा झालेला पेशंट डॉक्टरला चॉकलेटचा डबा देतो, नर्सला कार्ड लिहितो, आणि तळमजल्यावर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेल्या बाईची त्याला खबरही नसते. ताईंनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. पण लोकांची नावं घ्यायची त्यांना एवढी हौस का, हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने तो तळमजला बघावा. आणि मंडळातही आभार मानणाऱ्या बाईचे आभार मानायचे राहूनच जात. त्या स्टेजवरून उतरेपर्यंत लोक ताटं घेऊन रांगेला लागलेले असत.

आता मार्व्हाबद्दल सांगायला हवं. मार्व्हा ग्रँट ही ताईंची शेरवूडमधली शेजारीण, भिंतीला भिंत लागून. आईबाप जमैकाहून आलेले, हिचा जन्म इथला, सेंट ॲन्समधला. सत्तरी ओलांडली तरी पाठ ताठ, उंची भरपूर आणि जिभेला धार. हिला कुणी बिचारी म्हणायची सोय नव्हती. तरुणपणी ती लंडनला जाऊन टीव्हीवर नाचायची. गाणाऱ्याच्या मागे सहा-आठ मुली नाचतात ना, त्यांतली एक. पुढे नॉटिंगहॅमला परतून तिने बायकांचे व्यायामाचे क्लास चालवले. त्या क्लासात तिने ज्यांना घाम फोडला त्या बायका अजून रस्त्यात दिसल्या की पोट आत घेतात.

हिवाळ्यात शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर जोड्यांच्या नाचाची स्पर्धा लागते. ती बघायला मार्व्हा ताईंकडे यायची. टीव्ही शशिधररावांचा मोठा आणि चिवडा ताईंचा ताजा, त्यामुळे तिच्या घरी बघायचा प्रश्नच नव्हता.

“हा गुडघा बघ,” ती पडद्याकडे बोट करून म्हणायची. “परीक्षक म्हणतोय, किती नवीन आहे. नवीन! माझ्या आजीच्या गावात हे पाऊल लोक लग्नात नाचत होते.”

अशा शनिवारांतून ताईंना एक वेगळाच इतिहास ऐकायला मिळाला. या देशात टीव्ही सुरू झाला एकोणीसशे छत्तीस साली, आणि पहिल्याच दिवशी दोन कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंत त्यावर गाऊन-नाचून गेले. त्याचं चित्रण नाही, कारण तेव्हा सगळं थेट जायचं आणि हवेत विरायचं. पुढे त्याच टीव्हीवर वर्षानुवर्षं शनिवारच्या संध्याकाळी गोरे गवई तोंडाला काळं फासून नाचायचे आणि घरोघरी लोक कौतुकाने बघायचे. “खरे आम्ही इथेच होतो,” मार्व्हा म्हणायची, “बस चालवत होतो, इस्पितळात बेडपॅन धूत होतो. टीव्हीवर मात्र खोटे.” मग जमैकाचं रेगे संगीत आलं, तेही आधी गंमत म्हणून. मग रस्त्यावर लिनोलियम अंथरून डोक्यावर गिरक्या घेणारी पोरं आली आणि टीव्हीवाले कॅमेरे घेऊन त्यांच्यामागे धावले.

आणि तिचं स्वतःचं? तिला मागच्या रांगेत उभं करत. दिवे पुढच्या गोऱ्या चेहऱ्यांच्या बेताने लावलेले, त्यामुळे मागची मार्व्हा म्हणजे नुसता हलणारा झगा. नाच बसवणाऱ्याला पुढचं पाऊल सुचेना की तो हळूच मागे येऊन हिला विचारायचा, आणि दुसऱ्या दिवशी तेच पाऊल पुढच्या रांगेत गेलेलं असायचं.

“आणि शेवटी नावं सरकतात त्यात?” ताईंनी एकदा विचारलं.

“त्यात केस करणारी असायची, कपडे शिवणारी असायची. आम्ही नसायचो.”

ताईंना खरोखर राग आला. त्या तावातावाने म्हणाल्या, “आमच्यात असं चालत नाही. आमच्यात खुर्च्या लावणाऱ्याचंही नाव घेतात. मीच घेते.” आणि त्यांनी हॉजकिन्सनचा किस्सा सांगितला, टोपी काढायच्या अभिनयासकट. मार्व्हा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

गेल्या वर्षी ऑक्टोबरातल्या ब्लॅक हिस्टरी मंथमध्येच, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला वाहिलेल्या महिन्यात, मंडळाची दिवाळी आली. शहराच्या कौन्सिलने सगळ्या मंडळांना सुचवलं की काहीतरी मिळून करा. मंडळाचा अध्यक्ष उदय हा उत्साही माणूस. त्याने बसल्या बैठकीला नाव ठरवलं: ‘दूरदर्शनवरील कृष्णवर्णीय संगीत-नृत्याचा गौरवशाली प्रवास’. एवढं लांब नाव पोस्टरवर मावेना, तरी त्याने अक्षरं बारीक करून मावेल असं केलं.

“पण बसवणार कोण? आपल्या बायकांना लावणी आणि बॉलिवूड सोडून काय येतंय?” कुणीतरी विचारलं.

“माझ्यावर सोडा,” ताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे मार्व्हा होती, दुसरं काहीच नव्हतं. हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

मार्व्हाने आधी नाही म्हटलं, मग गुडघा दुखतो म्हटलं, मग तालीम कधी ठेवलीस ते विचारलं. ताईंच्या दिवाणखान्यातला सोफा भिंतीला लागला आणि मंडळाच्या आठ बायका रांगेत उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी त्यांनी जे केलं त्याला झिम्मा म्हणता आलं असतं, दुसरं काही नाही.

“हात थांबवा,” मार्व्हा ओरडली. “तुमचे हात फार बोलतात. वजन खाली जाऊ द्या. जमिनीला सांगा, मी इथे आहे. आणि तू, हसू नकोस. तुला अजून कुणी बघत नाहीये.”

तिने प्रत्येक काळाचं एकेक पाऊल शिकवलं. काळं फासलेल्यांचा काळ आला तेव्हा तिने बायकांना प्रेक्षकांकडे पाठ करून नुसतं स्तब्ध उभं केलं. “ही जागा मोकळी ठेवायची. ती मोकळीच होती,” ती म्हणाली. शेवटी टीव्हीतल्या मागच्या रांगेचा नाच होता, पण तो तिने पुढच्या रांगेत आणला. ताईंचं काम म्हणजे चहा करणं, गाणी लावणं आणि व्हॉट्सॲपवर तालमीच्या वेळा कळवणं.

“आमचं नाव कधी घेशील? आधी की शेवटी?” जाता जाता मार्व्हाने एकदा थट्टेत विचारलं.

“शेवटी. सगळ्यात शेवटचं नाव मानाचं असतं.”

मार्व्हाने ते मनावर घेतलं. कार्यक्रमाच्या दिवशी तिने बर्मिंगहॅमहून धाकट्या बहिणीला, लॉर्नाला बोलावून घेतलं. दोघी तिसऱ्या रांगेत बसल्या. मार्व्हाने जांभळी हॅट घातली होती. ती तिची रविवारी चर्चला घालायची खास हॅट होती. मंडळाचे कार्यक्रम उशिरा सुरू होतात, आणि ज्यातलं अक्षर कळत नाही असं दीड तास मराठी त्या दोघींनी न कंटाळता ऐकलं.

नाच रंगला म्हणजे काय रंगला! बायका प्रेक्षकांकडे पाठ करून उभ्या राहिल्या तेव्हा हॉल चिडीचूप झाला. शेवटच्या नाचाला तर मागचे लोक खुर्च्यांवर चढले. पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात. निवेदन करणारी मीनल धावतच माइकवर आली. तिचा चेहरा फुलला होता.

“ओ माय गॉड! गूजबंप्स! आणि ह्या फँटॅस्टिक आयटेमच्या मागे कुणाचं डोकं आहे माहितेय ना? कोरिओग्राफी, कॉन्सेप्ट, सगळं... आपल्या लाडक्या सुमेधाताई!”

मीनलला दोष देता येत नाही. तालमी ताईंच्या घरी, निरोप ताईंचे, तिला दुसरं काय वाटणार? विंगेत घाम पुसत उभ्या असलेल्या आठ जणींना खरं माहीत होतं. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. प्रत्येकीला वाटलं, ताई सांगतीलच की.

ताई स्टेजवर गेल्या. मनात एवढंच होतं की जाऊन सांगायचं, मी नाही, ती बसली आहे ती. पण समोर सगळा हॉल उभा राहिला होता. चाळीस वर्षं ज्यांची नावं घेतली ती सगळी माणसं त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवत होती. उदयने शाल पांघरली, हातात नारळ दिला. कौन्सिलच्या पाहुण्या बाईंनी दोन्ही हातांत हात घेतले आणि ‘ब्रिलियंट’ म्हणाल्या. खोटं कशाला बोला, ताईंना बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्या नमस्कार करून हसल्या, आणि ज्या क्षणी बोलायचं होतं तो क्षण निघून गेला.

मग मुलांचं एक गाणं झालं. ताई विंगेतल्या खुर्चीवर बसल्या होत्या. आता आभार त्यांनीच मानायचे होते. खरं सांगावं तर मीनल उघडी पडणार, शाल परत करावी लागणार, पाहुण्या बाईंना काय वाटेल? मग त्यांनी ठरवलं, ‘साहाय्य: मार्व्हा ग्रँट’ असं म्हणू. नाव तर होईल! हा मधला मार्ग सुचल्यावर त्यांना थोडा धीर आला.

त्या माइकवर गेल्या. नावं नेहमीसारखी धडाधड यायला लागली. हॉलचे आभार, ध्वनिव्यवस्थेचे आभार, केटरर रॉबर्टचे आभार. ‘रॉबर्ट’ ऐकल्यावर मार्व्हाने मान किंचित वर केली, कारण अगम्य मराठीत तेवढंच ओळखीचं वाटलं. मग आलं नव्या केअरटेकरबाईचं नाव, मिसेस वॉर्डल. पुन्हा मार्व्हाने मान वर केली, आणि लॉर्नाच्या हातावर हात ठेवला. ताईंना ते स्पष्ट दिसलं. तिसरी रांग काही लांब नसते.

आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं की ‘साहाय्य’ हे तर आणखी मोठं खोटं आहे. जिने सगळं केलं तिला मदतनीस करायचं, तेही तिच्या तोंडावर, तिला न कळणाऱ्या भाषेत. ते तोंडातून निघेना. खरंही निघेना. कारपार्कवाल्यांचं नाव झालं, रांगोळीवाल्यांचं झालं. शेवटचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा ताई म्हणाल्या, “आणि शेवटी, आपण सर्व रसिक प्रेक्षक.”

लोक जेवायला उठले. मार्व्हा बसून होती. स्टेज रिकामं झालं, कुणीतरी पुढचे दिवे मालवले, तरी ती बसून होती. मग लॉर्नाने तिला उठवलं. दाराशी ताई समोर आल्या तेव्हा मार्व्हाने त्यांच्याकडे आपादमस्तक बघितलं.

“शाल छान आहे,” ती म्हणाली, आणि न जेवता निघून गेली.

गाडीत शशिधरराव म्हणाले, “अगं, मार्व्हाचं नाव राहिलं का गं? मला वाटलं शेवटी घेशील.”

“विसरले,” ताई म्हणाल्या.

“होतं असं. वय झालं आपलं.” त्यांनी मायेने ताईंचा हात थोपटला. ताईंना तो हात झटकून टाकावासा वाटला. पुढचे दोन-चार दिवस सगळे त्यांची समजूतच घालत राहिले. लंडनच्या स्टॅनमोरहून मुलीचा, वरदाचा फोन आला, “आई, इट्स ओके, तू किती नावं लक्षात ठेवणार?” त्या आठ जणींपैकी दोघी भेटल्या, त्याही म्हणाल्या, “गडबडीत राहून जातं हो.” ज्याने त्याने हातात एकेक सबब आणून द्यावी आणि ताईंनी ती घ्यावी, असं चाललं. इतकं स्वस्त सुटायला मिळतं याचीच त्यांना जास्त लाज वाटत होती. भिंतीपलीकडे मार्व्हाच्या जिन्यावर पाऊल वाजलं की त्या हातातलं काम टाकून उभ्या राहत, आणि बागेत ती दिसली की आत येत.

शेवटी एका सकाळी शाल आणि नारळ पिशवीत घालून त्यांनी शेजारची घंटा वाजवली. मार्व्हाने दार उघडलं. आत ये म्हणाली नाही.

“त्या दिवशी तुझं नाव...” ताईंनी सुरुवात केली.

“विसरलीस?”

सगळ्यांनी दिलेली ती सबब तिनेही पुढे केली.

“नाही,” त्या म्हणाल्या. “विसरले नाही. घेतलं नाही. आधी ते श्रेय मला दिलं ते मी घेतलं, मग तुझं नाव घ्यायची माझ्यात हिंमत उरली नाही.”

मार्व्हा दारातून बाजूला झाली. “आत ये,” ती म्हणाली. “विसरले म्हणाली असतीस तर दार लावणार होते.”

स्वयंपाकघरात तिने किटली लावली, पण कप काढले नाहीत. ओट्याला टेकून ती बोलायला लागली, तेही ताईंकडे न बघता.

“मी टीव्हीवर यायची ना, तेव्हा आई शेजारच्या बायकांना बोलावून बसायची. कार्यक्रम संपला की बायका उठायच्या. आई म्हणायची, बसा, अजून संपलं नाही, नावं यायचीत. सगळी नावं जायची, पुढचा कार्यक्रम सुरू व्हायचा, तरी ती बसलेली. दर वेळी. मग मला फोन करायची आणि म्हणायची, फार भरभर सरकवतात गं, मला वाचता आलं नाही.” ती थांबली. “आईला वाचता उत्तम येत होतं.”

ताईंनी हातातली पिशवी खुर्चीवर ठेवली.

“परवा लॉर्ना उठत होती,” मार्व्हा म्हणाली. “मी म्हटलं, बस. अजून संपलं नाही.”

ताई रडल्या. मार्व्हाने त्यांना रडू दिलं, समजूत घातली नाही, आणि त्याचंच त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी पिशवीतून शाल काढली. “ही तुझी आहे.”

“इथे? स्वयंपाकघरात?” मार्व्हाचा आवाज चढला. “इथे कोण बघतंय? टीव्हीवालेही मला खोलीत बोलावून सांगायचे, मार्व्हा, तुझ्यावाचून अडतं. खोलीत! घेऊन जा ती.”

“मग मी सगळ्यांसमोर सांगते. त्याच हॉलमध्ये.”

“सांग. सांगायलाच हवं. पण मी येणार नाही. एकदा बसून झालं.”

मंडळाचा पुढचा कार्यक्रम संक्रांतीचा होता. ताईंनी उदयला फोन करून सुरुवातीलाच बोलायला वेळ मागितला. कारण ऐकून उदय गडबडला.

“ताई, कशाला उगीच इश्यू? इतके दिवस झाले, लोक विसरलेत. आपण मार्व्हाला एक मस्त थँक यू कार्ड पाठवू ना. ऑन बिहाफ ऑफ मंडळ.”

“उदय, मला बोलायचंय.”

“ओके, ओके. पण शॉर्टमध्ये हं. तिळगूळ वाटायचाय.”

संक्रांतीला हॉल दिवाळीइतकाच भरला होता. काळ्या साड्यांची, हलव्याच्या दागिन्यांची गर्दी. ताई नेहमी शेवटी येणाऱ्या, त्या आधीच माइकपाशी आलेल्या बघून लोक हसले. हे सगळं ऐकून लोक माना खाली घालतील, कुजबुजतील, कदाचित पुढे कधी आभार मानायला बोलावणारही नाहीत, याची त्यांनी तयारी केली होती. खरं म्हणजे तसं व्हावं अशी त्यांची इच्छाच होती. शिक्षा झाली तर निदान मान वर करून मार्व्हाचं दार वाजवता येईल.

“दिवाळीला तुम्ही जो नाच बघितलात, तो मी बसवला नव्हता,” त्या म्हणाल्या. “त्यातलं एकही पाऊल माझं नाही. तो मार्व्हा ग्रँटने बसवला. ती माझी शेजारीण आहे. ती स्वतः टीव्हीवर नाचलेली आहे, आणि तिथेही तिचं नाव कधी आलं नाही. त्या दिवशी माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी गप्प बसले. नंतर आभार मानताना ती माझ्यासमोर बसली होती, आणि मी तिचं नाव घेतलं नाही. सगळे म्हणतात मी विसरले. मी विसरले नव्हते. मला ते श्रेय हवं होतं. ही चोरी आहे, आणि ती मी केली.”

ताईंनी खाली बघितलं आणि त्या वाट बघत राहिल्या.

कुठून तरी एक टाळी वाजली. मग दुसरी. “वा, ताई!” कुणीतरी ओरडलं. पहिल्या रांगेत मीनल डोळे पुसत उठली, तिच्यामागे तिची रांग उठली, आणि बघता बघता अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. उदय धावत स्टेजवर आला. “ह्याला म्हणतात मोठं मन!” तो माइकमध्ये म्हणाला. “किती जणांमध्ये हे धाडस असतं? सुमेधाताईंसाठी एकदा जोरदार!”

टाळ्या वाढल्या. स्टेजच्या अगदी पायाशी उभ्या असलेल्या दोघींचं बोलणं ताईंना ऐकू आलं.

“त्या बाईचं नाव काय म्हणाल्या गं?”

“कुणास ठाऊक. पण ताई ग्रेट हं.”

ताईंनी माइक हातात घेतला. “मार्व्हा,” त्या म्हणाल्या. “मार्व्हा ग्रँट.” ते टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. “टाळ्या नका वाजवू,” त्या म्हणाल्या. “बसा. पाया पडते तुमच्या, खाली बसा.”

कुणीही बसेना.